हाफ क्लचवरच्या वराती

लग्नसराई आली की बाकीच्यांच्या नाकात मोगरा शिरतो, हळद शिरते, बुंदी पाडल्याचा वास शिरतो. माझ्या नाकात क्लच जळल्याचा वास शिरतो. करपलेल्या डाळीत कुणी चिंधी टाकावी तसला, घशाशी खवखवणारा. मंठ्याच्या मेन रोडवर माझं औषधांचं दुकान आहे आणि एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी तिथं उलट्यांची गोळी न्यायला आलेल्या वऱ्हाडाशिवाय चिटपाखरू फिरकत नाही. परवा अशीच बसले होते. समोरून नवरदेवाची मिरवणूक चालली होती. पुढं डीजेची गाडी, मागं नाचणारी पोरं, आणि पोरांच्या मागं झेंडूनं मढवलेली पांढरी गाडी मुंगीच्या पावलानं. ती गेली आणि वास तेवढा मागं राहिला. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून म्हणालं, काय जळतंय हो ताई? मी म्हटलं, नवरदेवाची गाडी. म्हणताना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. गिऱ्हाईकाला वाटलं असणार, बाईला ऊन बाधलं.

आमच्याकडं उन्हाळा हा काही करण्याचा ऋतू नाहीच. रानातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, काळी जमीन तोंड उघडून पडलेली असते, मोसंबीवाले तेवढे पाण्याच्या टँकरमागं धावत असतात. बाकी सगळा मुलूख लग्नं लावत सुटतो. एका दिवशी चार-चार आमंत्रणं. कुणाच्या हळदीला जायचं, कुणाच्या अक्षतांना, कुणाच्या नुसत्याच जेवणाला, याची घराघरांत वाटणी होते. आमच्या घरात या वाटणीत बाबांचं नाव कधीच नसायचं. बाबा सगळ्यांच्याच लग्नाला जायचे, कारण वरात त्यांच्या गाडीतून निघायची.

बाबा लाल बसवर ड्रायव्हर होते. मंठा ते जालना, जालना ते तीर्थपुरी, मंठा ते पार कुठं कुठं. सगळी नोकरी खाकी कपड्यात, डाव्या पायात क्लच आणि उजव्या पायात ब्रेक. मला गाडी त्यांनीच शिकवली, ओळखीच्या एकाची जुनी जीप मागून आणून, नदीकडच्या पांदीत, बारावी झाल्यावर. त्यांची शिकवायची रीत सोपी होती. चूक झाली की बोलायचे नाहीत, गाडी बंद करायचे आणि खाली उतरून लिंबाखाली जाऊन बसायचे. मी रडकुंडीला आले की परत यायचे. त्यातही एका चुकीला माफी नव्हती. गियर पडल्यावर डावा पाय क्लचवर राहिला की ते ओरडायचे. क्लच म्हणजे पायपुसणं न्हाई म्हणायचे, काम झालं की पाय उचल. डेपोत नव्या पोरांना हेच ऐकवायचे. अर्धा दाबलेला क्लच त्यांना दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं खाल्ल्यासारखा वाटायचा. नोकरीभर एक क्लच जाळला नाही, हा त्यांचा अभिमान होता, आणि तो ते पाहुण्यांना चहाबरोबर द्यायचे.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक पांढरी गाडी घेतली. जुनी, दुसऱ्याच्या हातची, पण पांढरी. आमच्या बौद्ध वस्तीतली ती पहिली चारचाकी. आणली त्या दिवशी आईनं तिच्यापुढं मेणबत्ती लावली, वस्तीतल्या बायांनी आत बसून काचा खाली-वर करून पाहिल्या. नंतर एकदा शेजारच्या घरातलं लग्न निघालं आणि बाबा म्हणाले, वरातीला भाड्याची गाडी कशाला, आपली हाय ना. झालं. त्यानंतर वस्तीतला एकही नवरदेव, एकही नवरी दुसऱ्या गाडीत बसली नाही. पैसे घ्यायचे नाहीत, फेटा मात्र बांधून घ्यायचे. गुलाबी फेटा बांधून स्टेअरिंगवर बसलेले बाबा म्हणजे नवरदेवापेक्षा जास्त नवरदेव दिसायचे.

आणि एक गंमत होती, जी आम्हाला फार दिवस गंमत वाटलीच नाही. ज्या माणसानं जन्मभर हाफ क्लचला शिव्या घातल्या, तो वरातीत वेशीपासून विहारापर्यंत पूर्ण रस्ता हाफ क्लचवर काढायचा. पहिल्या गियरमध्येसुद्धा गाडी नाचणाऱ्या पोरांपेक्षा जोरात जाते. मग डावा पाय अर्धा दाबून, अर्धा सोडून, गाडीला ओढून धरायचं. ना पूर्ण चालू, ना पूर्ण बंद. मंठ्याजवळचं आमचं गाव लहान, पण वरात मोठी. वेस, पाण्याची टाकी, पार, पारावरचा पिंपळ, मग वळण आणि आमचा विहार. तेवढ्या रस्त्याला आमची वरात सूर्य मावळायच्या आधी लागायची आणि दिवे लागल्यावर पोचायची. बाबा कुठंही थांबायचे नाहीत आणि कुठंही पळवायचे नाहीत. मागं बसलेल्या करवल्यांना उकडायचं, पुढं बँडवाले थकायचे, आणि वळणापर्यंत पोचेस्तोवर तो वास सुटायचा. वस्तीतली लेकरं ओरडायची, आला आला, वरातीचा वास आला.

ज्या उन्हाळ्याची मी गोष्ट करतेय, त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचं, प्रशांतचं लग्न ठरलं. नवरी तीर्थपुरीची. लग्न तिकडं, वरात इकडं. सराईतली शेवटची तारीख. बाबांनी इतक्यांच्या पोरांच्या वराती काढल्या, आता घरचीच होती. सगळ्या वस्तीला माहीत होतं की त्या दिवशी बाबांचा थाट बघण्यासारखा असणार. फेट्याचं कापडसुद्धा त्यांनी जालन्याहून स्वतः आणून ठेवलं होतं.

पण त्याच सराईत त्यांचा डावा पाय संपावर गेला. दोन-तीन वराती झाल्या की गुडघा सुजायचा. आधी ते लपवत राहिले. मग एका वरातीत, पाण्याच्या टाकीपाशी, गाडी हिसका खाऊन बंद पडली. चालू केली, परत हिसका, परत बंद. ड्रायव्हर माणसाची गाडी भर वरातीत बंद पडणं म्हणजे कीर्तनकारानं अभंग विसरण्यासारखं. पोरं हसली. बाबांनी कशीबशी गाडी विहारापर्यंत नेली, फेटा काढला, घरी आले आणि किल्ली खुंटीला अडकवली. पाय न्हाई राह्यला आता, एवढंच म्हणाले.

आई रोज रात्री गरम तेल चोळायची. मंठ्याचे डॉक्टर म्हणाले, वय झालं, झीज आहे, जिने टाळा, गाडी टाळा. मी दुकानातून मलम आणलं, पट्टा आणला, गोळ्या आणल्या. बाबा सगळं निमूट घ्यायचे, आणि तेच बघवत नव्हतं. हा माणूस कधी निमूट नव्हता. प्रशांत म्हणाला, बाबा, गाडी मी भाड्यानं सांगतो, ड्रायव्हरसकट. बाबा म्हणाले, बराबर हाय. त्यांच्या तोंडचं ते 'बराबर हाय' ऐकून मी आत जाऊन भांडी आपटली. दुसरं काय करणार?

गाडी दाखवावी म्हणून आम्ही गणपतलाही बोलावलं होतं. गणपत आमच्याच गावचा, शेतकरी घरातला दुसऱ्या नंबरचा मुलगा, माझ्या वर्गात होता. गावातली निम्मी काळी जमीन त्याच्या भावकीची, पण याचं मन नांगरात कधी लागलं नाही. जालना रोडला त्याचं गॅरेज आहे. हुशार आहे, पण बोलघेवडा, आणि कुठलीही गोष्ट आधी हसण्यावारी न्यायची खोड. त्यानं पेडलची केबल ताणली, एक चक्कर मारली आणि म्हणाला, काका, गाडी ठणठणीत हाय, सर्व्हिसिंग तुमच्या पायालाच पाहिजे. सगळे हसले. बाबाही हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गुलाबी कापड आईला देऊन टाकलं. उशीचे अभ्रे शिव म्हणाले.

मग मी एकदा नवरीच्या साड्या आणायला तीच गाडी घेऊन जालन्याला गेले. जाताना काही वाटलं नाही. येताना रस्त्यात ट्रकांची रांग लागली. दाब, सोड, दाब, सोड. थोड्या वेळानं माझ्या मांडीला गोळा आला. मी चाळिशीची धडधाकट बाई, दिवसभर दुकानात उभी असते, माझा पाय कशानं दुखावा? आणि पुलापलीकडच्या चढाला ॲक्सिलेटर दाबला तर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं, गाडी मात्र जागची हलायला तयार नाही. मागून ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न. आणि तो वास. मी काच खाली केली, घाम पुसला, आणि भर चढावर एकटीच मोठ्यानं हसले. पाय नव्हता हो गेलेला! क्लच गेलेला होता.

घरी न जाता मी सरळ गणपतच्या गॅरेजवर गाडी घातली. त्याला म्हटलं, पायाला सर्व्हिसिंग पाहिजे म्हणाला होतास ना, आता माझ्या पायाला पण करून दे. तो बसला, पेडल दाबून पाहिलं, परत दाबलं, आणि त्याचं हसू मावळलं. म्हणाला, केबल ताणली तेव्हा गाडी थंड होती, त्यामुळं मला कळलंच न्हाई. प्लेट झिजत गेली की तिच्यामागची स्प्रिंग आखडत जाते, पेडल दगडासारखं होतं, पण हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला वाटतं आपलाच जोर कमी झाला. मी म्हटलं, हे बाबांसमोर बोल.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गेले. यायला तयार नव्हते. गाडी उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवलेली, बॅटरी काढलेली, चाकांचे एक्सल बाहेर, इंजिनला खालून जॅकचा टेकू. गणपत पाठीवर झोपून खाली सरकला आणि गियरबॉक्स छातीवर घेतल्यासारखा हळूच उतरवला. मग प्रेशर प्लेटचे बोल्ट एक-एक करून थोडे-थोडे सैल केले. ती निघाली तशी मधली क्लच प्लेट त्याच्या हातात पडली. तिच्यावरचं अस्तर पापडासारखं झालं होतं, आणि आतले पितळी रिव्हेट उघडे पडले होते. काळा भुसा सगळीकडं उडाला. मागं जो फ्लायव्हील होता, इंजिनाबरोबर सतत फिरणारी जाड लोखंडी थाळी, तिच्यावर निळे डाग पडले होते. गरम तव्यावर पडतात तसे. आणि डागांमधून केसासारख्या बारीक भेगा.

बाबा खुर्चीवरून उठले. थाळीवरून बोट फिरवलं, ते काळं झालं, पँटला पुसलं. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल, पाय शाबूत आहे म्हणून. पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. मास्तरच कॉपी करताना सापडावा तसं.

गणपतनं विचारलं, आणि या वेळी थट्टेनं नाही विचारलं. "काका, तुमाला मी काय सांगावं. दोन पावलं जायचं, थांबायचं, न्यूट्रल करायचं, पाय काढायचा. हे तुमीच आमाला शिकवलं. मंग वरातीत थांबत का न्हाईत?"

बाबा म्हणाले, "थांबलं की कुणीतरी म्हणतं, चला."

मग त्यांनी सांगितलं. मी त्यांची थोरली लेक, पण हे मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यांचं लग्न झालं तेव्हा वरात बैलगाडीतून आली. वेशीच्या आतून, मुख्य रस्त्यानंच आली. कुणी अडवलं नाही, कुणी शिवी दिली नाही, मारहाण तर नाहीच. बाबा हे फार काळजीनं सांगत होते, कुणावर खोटा आळ जायला नको म्हणून. फक्त पारापाशी आल्यावर पारावरून कुणीतरी म्हणालं, चला, जल्दी निघा, रस्ता मोकळा करा. वाजंत्री बंद झाली. गाडीवानानं बैलांना दामटलं, आणि नवरा-नवरी खडखडत, एकमेकांवर आदळत, पळवत पळवत वस्तीत पोचले. हळद लागलेला माणूस असा पळत घरी आला.

"न्हाई म्हणले असते तर भांडता आलं असतं," बाबा म्हणाले. "जल्दी करा म्हणल्यावर काय भांडावं माय. तवापासून म्हणलं, आपल्या लेकरांच्या वराती सावकाश न्यायच्या. पण थांबायचा धीर कधी झाला न्हाई."

गणपत खाली मान घालून ऐकत होता. ज्या पाराची गोष्ट चालली होती, त्या पारावर त्याच्या आजोबांची बैठक असायची. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, बाबांना तर आहेच. बाबांनी नाव घेतलं नाही. गणपतनं विचारलं नाही. तो उठला, रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं धुतले, मग पुन्हा धुतले. परत आला आणि म्हणाला, फ्लायव्हील लेथवर घासून चाललं असतं, पण भेगा आहेत, नवाच टाकू. बाबा म्हणाले, टाक.

संध्याकाळी घरी आल्यावर मी आईला विचारलं, तुला माहीत होतं का? ती भाकरी थापत होती. म्हणाली, माहीत म्हंजे, मी होते ना गाडीत. आणि थोड्या वेळानं, तव्यावरची भाकरी उलटवता उलटवता म्हणाली, "माझी एक चप्पल पडल्ती. नवी होती. बापानं जालन्याहून आणल्ती. थांबा म्हणायला तोंड उघडलं न्हाई माझं." भाकरी फुगली, तिनं ती टोपल्यात टाकली. मी तिच्या पायांकडं बघत राहिले. माझ्या आईला चपलांचा सोस आहे म्हणून आम्ही लेकरं तिला जन्मभर चिडवत आलो. उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात एक, लग्नाला नेसायच्या लुगड्याबरोबर एक. पलंगाखाली ओळीनं लावून ठेवते, फडक्यानं पुसते.

जालन्याहून सामान यायला वेळ लागला, आणि लग्न तर दाराशी आलं होतं. घरात पापड-कुरडया, मांडव, पत्रिका वाटणं, आणि मी दुकान नोकरावर टाकून गॅरेजमध्ये. नवा फ्लायव्हील आला तो तेलात बुडवलेला, गंज चढू नये म्हणून. गणपतनं तो पेट्रोलनं पुसून लख्ख केला आणि मला बजावलं की आता याला तेलकट बोट लावायचं नाही. इतका गुळगुळीत की तोंड दिसावं. बोल्ट समोरासमोरचे घट्ट करत गेला, एकदम गोल नाही. प्लेट बरोबर मध्यभागी बसवली. दाब सगळीकडून सारखा पडला पाहिजे म्हणाला, एका बाजूनं आवळलं की थाळी वाकडी होते आणि गाडी जन्मभर थरथरते. मी म्हटलं, अरे, हे तू क्लचबद्दल बोलतोयस ना? तो म्हणाला, मंग काय तुझ्याबद्दल?

गाडी खाली उतरल्यावर बाबांना बसवलं. त्यांनी आधी वाकून पेडल हातानं दाबलं. मग पाय ठेवला. एकदा दाबला, सोडला. परत दाबला. लोण्यात बोट जावं तसा पाय जात होता. किती वेळ ते नुसतं दाबत-सोडत बसले, इंजिन बंद ठेवून, समोरच्या काचेतून जालना रोडकडं बघत. मग माझ्याकडं वळून म्हणाले, अभ्रे शिवले का गं तिनं? मी म्हटलं, नाही हो बाबा, आईनं ते कापड पेटीत ठेवून दिलंय. आणि मी रडले, तिथं गॅरेजमध्ये, ग्रीसच्या डब्याशेजारी उभं राहून. गुडघा काही एका दिवसात बरा होणार नव्हता, झीज होतीच. पण आपण संपलो, हे जे त्यांनी मनात घेतलं होतं, ते उतरलं.

किल्ली देताना गणपत म्हणाला की या क्लचची ग्यारंटी एकाच अटीवर. पारापुढं गाडी थांबवायची. पूर्ण. न्यूट्रल, हँडब्रेक, दोन्ही पाय खाली. मी विचारलं, पारापुढंच का? तर म्हणाला, तिथं चढ हाय, चढावर हाफ क्लच सगळ्यात जास्त जळतो. मी लहानपणापासून त्या रस्त्यानं चालतेय. मला तिथं चढ कधी दिसला नाही.

आता, बाबांच्या गुडघ्याच्या झिजेमुळं, त्या गाडीवर मीच असते. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि वरात वळणावर आली की इंजिनाच्या आवाजावरून माझ्या चुका काढतात. जुना फ्लायव्हील त्यांनी भंगारात घालू दिला नाही. अंगणात पाण्याच्या माठाखाली ठेवलाय. माठ डुगडुगत नाही, एवढाच त्याचा उपयोग. उन्हाळ्यात माठ पाझरतो, थाळीवर पाणी साचतं आणि ते निळे डाग अजून दिसतात. मी कधी कधी पाणी प्यायला वाकले की त्यांच्याकडं बघते. कुठला डाग कुणाच्या वरातीचा, हे काही सांगता येत नाही. सगळ्यांचाच असेल. हाफ क्लचवर माणूस चालल्यासारखा दिसतो खरा, पण त्याचा पाय सारखा तयारीत असतो, कुणी काही बोललं की लगेच निघता यावं म्हणून. दुकानात, ऑफिसात, मोठ्या लोकांच्या घरी कार्यक्रमाला गेल्यावर मला माझ्या डाव्या पायात तो ताण ओळखू येतो. मग मी मुद्दाम खुर्चीत मागं टेकून बसते.

पण त्या उन्हाळ्यात, प्रशांतची वरात तीर्थपुरीहून निघाली तेव्हा ऊन कललं होतं. पुढं बाबा, गुलाबी फेट्यात. शेजारी आई, नवं लुगडं, नव्या चपला. मागं नवरा-नवरी, आणि करवली म्हणून त्यांच्या बाजूला मी, मांडीवर नवरीच्या शालूचा घोळ. वेशीपासून बँड सुरू झाला. बाबा दोन पावलं जात, थांबत, पाय काढत. पाण्याची टाकी गेली. नेहमीचा वास आला नाही, तर मला चुकल्यासारखं वाटलं.

पारापुढं आलो. पारावर नेहमीप्रमाणं म्हातारी मंडळी बसलेली. बाबांनी क्लच दाबला, गियर काढला, हँडब्रेक ओढला. आणि दोन्ही पाय खाली ठेवले. मला मागून त्यांची फक्त मान दिसत होती. ती ताठ होती आणि घामानं निथळत होती. बँडवाल्यांना काही कळेना, ते वाजवत पुढं गेले, मग मागं बघून परत आले. पोरं तिथंच नाचायला लागली. मला वाटत होतं आता कुणीतरी काहीतरी बोलणार.

पारावरच्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. बाबांचा डावा पाय क्लचकडं सरकला. मी दोन सीटांच्या फटीतून वाकून तो बघितला. सरकला आणि मध्येच थांबला, आणि परत खाली गेला.

म्हाताऱ्यानं विचारलं, नवरी कुठली?

आई म्हणाली, तीर्थपुरीची.

म्हातारा मान हलवून परत आपल्या तंबाखूकडं वळला. एवढंच. मला वाटलं, झालं, आता निघू. तेवढ्यात आईनं दार उघडलं. आम्ही ओरडलो, अगं आई, कुठं चाललीस? ती भर रस्त्यावर उतरली. बँड, पोरं, पार, सगळं गाव बघतंय, आणि माझी आई गाडीला हात टेकून सावकाश वाकली. उजव्या पायातली चप्पल काढली, उलटी केली, झटकली, परत घातली, टाचेचा पट्टा नीट बसवला. खडा गेल्ता, म्हणाली. मी खिडकीतूनच बघत होते. खडा काही पडला नाही.

आत येऊन बसली. बाबांनी तिच्याकडं न बघता विचारलं, "निघायचं?"

"थांबा," आई म्हणाली. "दुसऱ्या चपलंत बी हाय."

बाबांनी इंजिन बंद केलं.